कात्री, खळ आणि साधा मजकूर



वर्तमानपत्राच्या कचेरींत एके काळीं संपादकाच्या मेजावर दौत-टांकाच्या जोडीला दोन वस्तु हटकून असत. एक लांब पात्यांची कात्री, आणि दुसरी खळीची वाटी. लेखांतील एखादा परिच्छेद वरचा खालीं न्यावयाचा झाला, तर तो सबंध पुन्हा लिहीत बसण्यापेक्षां कागद कापावा, नव्या जागीं चिकटवावा, सांध्यावर शाईनें एक रेघ ओढावी आणि तें ठिगळ खिळे जुळविणाऱ्याकडे धाडून द्यावें, अशी रीत होती. ती कात्री गेली आणि ती खळहि गेली. पण त्यांचीं क्रियापदें संगणकाच्या पडद्यावर जाऊन बसलीं आहेत. कापणें आणि चिकटविणें. इंग्रजींत कट आणि पेस्ट. खळीची वाटी कधीं न पाहिलेलीं मुलेंहि हे शब्द दिवसांतून दहा वेळां उच्चारतात.

ह्या दोन क्रियांपैकीं दुसरीच्या एका धाकट्या भावंडाबद्दल मला आज बोलावयाचें आहे. एका ठिकाणचा मजकूर उचलून दुसरीकडे चिकटविला, कीं त्याच्याबरोबर त्याचा साजहि येतो: अक्षरांचें वळण, त्यांची जाडी, त्यांचा रंग, ओळींमधील अंतर. हा सारा साज टाकून देऊन निव्वळ अक्षरें तेवढीं उतरवून घेण्याची एक युक्ति संगणकांत आहे. तिला प्लेन टेक्स्ट, म्हणजे साधा मजकूर, चिकटविणें असें म्हणतात. दोन-तीन बटणें एकदम दाबावयाचीं, एवढेंच तें काम. त्याचा इतिहास तो काय असणार, असें कोणी म्हणेल. परंतु लिहिलेल्या शब्दांत शब्द कोणता आणि त्याचें वस्त्र कोणतें, हा प्रश्न नेमका ह्या बटणांपाशीं येऊन उभा राहतो. आणि मराठीपुरतें बोलावयाचें तर ह्या प्रश्नाची किंमत आपण रोखीनें मोजलेली आहे.

कथेचा आरंभ अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत, पालो आल्टो ह्या गांवीं होतो. नकला काढण्याच्या यंत्रांमुळें जिचें नांव आपल्याकडे सामान्य नामच होऊन बसलें आहे, त्या झेरॉक्स कंपनीनें तेथें 1970 सालीं एक संशोधनशाळा काढली. 1973 सालीं ह्या शाळेंत आल्टो नांवाचा संगणक तयार झाला. त्याचा पडदा उभ्या कागदासारखा होता आणि हाताशीं माउस होता. त्यावर लिहितां यावें म्हणून बटलर लॅम्पसन व चार्ल्स सिमोनी ह्यांनीं 1974 च्या सुमारास ब्राव्हो नांवाचा प्रोग्रॅम रचला. ठळक अक्षर पडद्यावर ठळकच दिसावें, तिरपें तिरपेंच दिसावें, ही सोय त्यांत होती. त्या दिवसांत ही गोष्ट नवलाची होती.

ब्राव्हो चांगला असला तरी त्याच्या दोन अवस्था असत. लेखनाच्या अवस्थेंत बटण दाबलें तर अक्षर उमटे. आज्ञेच्या अवस्थेंत तेंच बटण दाबलें तर हुकूम सुटे. आपण कोणत्या अवस्थेंत आहोंत ह्याचें भान सुटलेल्या मनुष्यानें 'एडिट' हा चार अक्षरांचा इंग्रजी शब्द लिहावयास घेतला, तर काय होई तें पहा. 'ई' म्हणजे एव्हरीथिंग. सगळा मजकूर निवडला गेला. 'डी' म्हणजे डिलीट. निवडलेला सगळा मजकूर पुसला गेला. 'आय' म्हणजे इन्सर्ट. आतां खुशाल लिहा. आणि उरलेलें 'टी' तेवढें कोऱ्या पडद्यावर उमटलें. सबंध प्रकरणाच्या जागीं एकटें 'टी'! त्या मंडळींत ही गोष्ट फार सांगितली जाई.

अशा यंत्राविरुद्ध ज्यानें जन्मभर कंबर बांधली तो गृहस्थ म्हणजे लॅरी टेस्लर. 1945 सालीं न्यूयॉर्क शहरांतील ब्राँक्स भागांत त्यांचा जन्म झाला. 1973 सालीं ते ह्या संशोधनशाळेंत आले. यंत्राच्या मनांत काय आहे ह्याची चिंता लिहिणाऱ्यानें कां वाहावी, हा त्यांचा सवाल होता. आपल्या मोटारीच्या नंबराच्या पाटीवरसुद्धां त्यांनीं 'नो मोड्स', म्हणजे अवस्था नकोत, एवढींच अक्षरें घालून घेतलीं होतीं. हेका म्हणावा तर हेका, पण तो उपकारी हेका होता.

ह्याच सुमारास बोस्टनजवळच्या गिन अँड कंपनी ह्या प्रकाशनसंस्थेकडून टिम मॉट हे तेथें आले. ही संस्था झेरॉक्सच्याच मालकीची होती, आणि तिचा धंदा होता शाळेचीं पुस्तकें काढण्याचा. सारा जन्म ज्याचा क्रमिक पुस्तकें शिकविण्यांत गेला, त्या माझ्यासारख्याला ह्या योगायोगाचें थोडें कौतुक वाटल्यास आपण क्षमा करावी. कापण्या-चिकटविण्याचीं हीं बटणें सेनापतींच्या किंवा सावकारांच्या गरजेंतून निघालीं नाहींत; शाळेच्या पुस्तकांचीं हस्तलिखितें दुरुस्त करणाऱ्या संपादकांच्या गरजेंतून तीं निघालीं. टेस्लर व मॉट ह्यांनीं त्यांची कामाची रीत पाहिली. नव्यानेंच कामावर आलेल्या एका लिपिक बाईंना टेस्लर ह्यांनीं कोऱ्या पडद्यासमोर बसविलें आणि विचारलें, ह्या पडद्यावर तुमचें पान आहे असें समजा. ह्या खुणा केलेल्या दुरुस्त्या तुम्ही कशा कराल? यंत्र त्या बाईंना ठाऊक नव्हतें, म्हणूनच त्यांचें उत्तर मोलाचें होतें. जेथें घालावयाचें तेथें बोट दाखवीन आणि लिहीन, नको तें खोडीन, असा तो सरळ हिशेब होता. त्या हिशेबानें बनविलेला जिप्सी नांवाचा प्रोग्रॅम 1975 सालीं त्या प्रकाशनसंस्थेंत कामाला लागला. मजकूर उचलणें आणि चिकटविणें ह्या क्रियांना आज जें रूप आहे, तें मुख्यतः तेथें ठरलें.

टेस्लर 1980 सालीं ॲपल कंपनींत गेले. त्या कंपनीचा लिसा हा संगणक जानेवारी 1983 मध्यें बाहेर आला. किंमत जवळजवळ दहा हजार डॉलर, म्हणून तो फारसा खपला नाहीं. पण त्याच्याबरोबर बटणांची एक चौकडी रूढ झाली. रोमन कळफलकाच्या सर्वांत खालच्या ओळींत डावीकडून झेड, एक्स, सी आणि व्ही हीं अक्षरें शेजारीं शेजारीं बसलेलीं आहेत. नभोवाणीवरून बोलतांना बोट दाखवितां येत नाहीं, तेव्हां आपण तीं मनानें पहावींत. सी म्हणजे कॉपी, हें उघड आहे. एक्स हें फुलीचें चिन्ह, म्हणून कापण्यासाठीं. झेड शेजारींच असल्यामुळें, केलेलें परत फिरविण्यासाठीं. आणि चिकटविण्यासाठीं व्ही कां? तर त्याचें टोंक खालीं वळलेलें आहे, येथें घाला असें तें दाखवितें. मुद्रितें तपासणारा राहिलेला शब्द घालण्यासाठीं जी खूण करतो, तिचीच ती उलटी आकृति. टेस्लर ह्यांनींच हा खुलासा केलेला आहे.

ही खूण आपल्याला परकी नाहीं. आमच्या पोथ्या लिहिणारे राहिलेलें अक्षर समासांत लिहीत आणि ओळींत त्याच्या जागीं कावळ्याच्या पायासारखी खूण करीत. तिला काकपद म्हणत. चुकलेल्या अक्षरावर ते पिवळा हरताळ लावीत. 'हरताळ फासणें' हा आपला वाक्प्रचार त्यांतूनच आला आहे. म्हणजे पुसणें आणि घालणें ह्या दोन्ही क्रियांना आमच्याकडे नांवें होतीं. उचलून दुसरीकडे नेण्याला मात्र नांव नव्हतें, कारण पोथीचें पान कोण कापणार?

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. 1984 सालच्या मॅकिंटॉशनें हीं चार अक्षरें सर्वत्र नेलीं. आयबीएम कंपनीनें 1987 च्या आपल्या नियमावलींत शिफ्ट, इन्सर्ट व डिलीट ह्या बटणांची वेगळीच योजना सांगितली होती. तिची आठवण आजहि पुष्कळ प्रोग्रॅमांत शिल्लक आहे. पण मायक्रोसॉफ्टच्या विंडोज 3.1 नें 1992 सालीं कंट्रोल बटणाच्या जोडीनें झेड, एक्स, सी, व्ही हींच स्वीकारलीं आणि वाद मिटला.

आतां साजाकडे वळूं. उचललेला मजकूर चिकटेपर्यंत राहतो कोठें? क्लिपबोर्ड नांवाच्या एका अदृश्य फडताळांत. तेथें एकच वस्तु असते असें आपणांस वाटतें, पण खरी गोष्ट तशी नाहीं. उचलणारा प्रोग्रॅम त्याच मजकुराच्या अनेक प्रती तेथें मांडून ठेवतो: एक निव्वळ अक्षरांची, एक रिच टेक्स्ट ह्या पद्धतीची, जी मायक्रोसॉफ्टनें 1987 सालीं काढली, इंटरनेटच्या पानावरून उचलला असेल तर एचटीएमएल पद्धतीचीहि. चिकटविणारा प्रोग्रॅम ह्यांतून आपल्याला समजणारी सर्वांत नटलेली प्रत उचलतो. लग्नाला गेलेल्या पाहुण्यानें पेटींतला उंची पोशाख काढावा, तसेंच हें. पण दर वेळीं लग्न नसतें. चार ठिकाणचे चार उतारे एका लेखांत आणले, कीं एक निळा, एक बारीक, एक ठळक, एक राखाडी पार्श्वभूमीवर, असा गारुड्याचा झोळा तयार होतो. साधा मजकूर चिकटविणें म्हणजे त्या फडताळांतील पहिली, अनलंकृत प्रत मागून घेणें. नवें कांहीं निर्माण होत नाहीं. ती प्रत तेथें असतेच.

ती मागण्याची सोय मात्र फार दिवस मेनूच्या आंतल्या खोलींत, पेस्ट स्पेशल ह्या नांवाखालीं दडविलेली होती. म्हणून लोकांनीं स्वतःची तोड काढली. मजकूर आधीं विंडोजच्या साध्या नोटपॅडमध्यें चिकटवावयाचा, तेथें त्याचा साज आपोआप गळून पडे, मग तेथून पुन्हा उचलावयाचा. आंब्याची कोय धुवून घ्यावी तसा हा मजकूर धुवून घेण्याचा प्रकार कचेऱ्यांतून वर्षानुवर्षें चालला. मॅकिंटॉशवर ऑप्शन, शिफ्ट, कमांड आणि व्ही, ह्या चार बटणांनीं चिकटविलेला मजकूर आजूबाजूच्या मजकुराचा साज धारण करतो. लिबरऑफिसमध्यें कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि व्ही. गूगलच्या लेखनसाधनांत कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही, तीनच.

आणि सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या वर्डमध्यें? तेथें एक मौज होती. कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही हींच तीन बटणें वर्डमध्यें अनेक वर्षें होतीं, पण काम अगदीं उलटें करीत. तीं मजकूर टाकून देत आणि नुसता साज चिकटवीत! इतरत्र ज्या बटणांनीं वस्त्र उतरून देह राही, त्याच बटणांनीं येथें देह जाऊन वस्त्र राही. अखेर 2023 सालीं मायक्रोसॉफ्टनें हीं बटणें साध्या मजकुराला दिलीं आणि साज चिकटविण्याचें काम कंट्रोल, ऑल्ट व व्ही ह्यांच्याकडे सोंपविलें. 1983 पासून मोजलें तर एवढ्या लहानशा सलोख्याला चाळीस वर्षें लागलीं.

साज हा नेहमींच फुकटचा असतो असें मात्र मीं म्हणणार नाहीं. तिरप्या अक्षरांत दिलेलें ग्रंथनाम, ठळक केलेला पारिभाषिक शब्द, कोष्टकाच्या रेघा, हें सारें साध्या मजकुरांत बुडतें. व्याकरणाच्या पुस्तकांतील उतारा असा चिकटविला, तर उदाहरण कोणतें आणि नियम कोणता तें कळेनासें होतें. साज कोठें अर्थाचा भाग आहे आणि कोठें नुसता नट्टापट्टा, हें बटण ठरवीत नाहीं; तें वाचणाऱ्यानें ठरवावयाचें.

इंग्रजीपुरती ही गोष्ट येथें संपते. मराठीची गोष्ट येथें सुरू होते. संगणकाला अक्षर कळत नाहीं, अंक कळतो. 1963 सालीं अमेरिकेंत आस्की नांवाचें जें अक्षरकोष्टक ठरलें, त्यांत 128 जागा होत्या आणि त्या रोमन अक्षरें, अंक, विरामचिन्हें आणि यंत्राच्या खुणा ह्यांनीं भरलेल्या होत्या. पुढें जागा दुप्पट झाल्या, तरी देवनागरीला त्यांत पाट मिळाला नाहीं. मग आपल्याकडील कल्पक मंडळींनीं एक युक्ति काढली. संगणकाला रोमन अक्षरच आहे असें वाटूं द्यावें, पण टंक, म्हणजे फाँट, असा घडवावा, कीं त्या अक्षराच्या जागीं देवनागरी अक्षराचें चित्र दिसावें. कृतिदेव हा टंक उत्तरेकडे फार चालला. आपल्याकडेहि तो पुष्कळांनीं वापरला. त्यांत 'मराठी' हा शब्द कसा सांठविला जातो पहा: लहान ई, जे, के, मोठा बी आणि लहान एच. ई-च्या जागीं म-चें चित्र, जे-च्या जागीं र-चें, के-च्या जागीं काना, बी-च्या जागीं ठ आणि एच-च्या जागीं दुसरी वेलांटी. संगणकाच्या पोटांत मराठीचें एकहि अक्षर नाहीं. जें आहे तें सारें अंगावर.

आतां ह्या मजकुरावर साधा मजकूर चिकटविण्याचीं बटणें चालवा. साज उतरला, कीं टंक गेला. टंक गेला, कीं मराठी गेली. पडद्यावर राहिलें तें ई, जे, के, बी, एच. इंग्रजी मजकूर साज उतरविल्यावर साधा होतो. आमचा मजकूर साज उतरविल्यावर आमचा राहत नसे.

एका संस्थेच्या स्मरणिकेचें काम चाललें असतां हा प्रकार मीं प्रत्यक्ष पाहिला. लेख निरनिराळ्या गांवांहून, निरनिराळ्या टंकांत आले होते. छापखान्यांतील जुळणी करणाऱ्या मुलानें, अक्षर सर्वत्र सारखें दिसावें ह्या सद्हेतूनें, ते सारे एकामागून एक साधा मजकूर म्हणून एका फाईलींत ओतले आणि मूळ फाईली जागा अडवितात म्हणून काढून टाकल्या. एका वृद्ध शिक्षिकेनें आपल्या पहिल्या वर्गाच्या आठवणी लिहिल्या होत्या. हस्तलिखित त्यांनीं ठेवलें नव्हतें. अकरा पानें रोमन अक्षरांची रास आमच्यापुढें पडली. कोणत्या लेखाला कोणता टंक होता हें आतां कोणालाच सांगतां येईना. दर टंकाचें कोष्टक निराळें. एकांत ज्या जागीं म, दुसऱ्यांत त्या जागीं भलतेंच. टंकाचें नांव हीच किल्ली होती आणि ती साजाबरोबर गेली होती. दोन दिवस एकेक कोष्टक लावून पाहिल्यावर सात पानें वाचतां आलीं. बाकीचीं चार त्या बाईंनीं पुन्हा सांगितलीं, पण त्या स्वतःच म्हणाल्या कीं, पहिल्यासारखीं उतरलीं नाहींत.

त्या टंककारांना सर्वस्वीं दोष देणें मला न्यायाचें वाटत नाहीं. ते थांबले असते तर मराठी पुस्तकांची संगणकावरील छपाई दहा-पंधरा वर्षें अडून राहिली असती. मात्र आपापसांत एक कोष्टक ठरविण्याची बुद्धि बाजारांत कोणालाच झाली नाहीं, हें खरें. सरकारी बाजूनें प्रयत्न झाले होते. कानपूरच्या तंत्रसंस्थेंत सुरू झालेलें भारतीय लिप्यांचें काम पुढें पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत वाढलें, आणि इस्की नांवाचें भारतीय अक्षरकोष्टक 1991 सालीं राष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्धहि झालें. पण छापखाने आपापल्या टंकांनाच धरून राहिले.

त्याच 1991 सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. जगांतील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक द्यावयाचा, ही तिची प्रतिज्ञा. देवनागरीच्या वांट्याला 2304 पासून 2431 पर्यंत 128 जागा आल्या, आणि त्यांची मांडणी इस्कीच्या आधीच्या मसुद्यावरून घेतलेली होती. ह्या हिशेबानें 'मराठी' म्हणजे 2350, 2352, 2366, 2336, 2368. टंक कोणताहि लावा, काढा, बदला; 2350 हा म-च राहतो. दऱ्याखोऱ्यांतील आमच्या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र-साठीं 2353 क्रमांकाचें अक्षर उपयोगीं पडतें.

ह्यांत एक गोष्ट शिक्षकाच्या डोळ्यांना विशेष सुखावते. जुन्या टंकांत 'हिंदी' लिहितांना पहिली वेलांटी आधीं सांठविली जाई आणि ह मागाहून, कारण डोळ्यांना ती वेलांटी आधीं दिसते. युनिकोडमध्यें ह आधीं आणि इकार नंतर, म्हणजे जिभेचा क्रम. वेलांटी डावीकडे काढून दाखविण्याचें काम टंकाकडे. मुलांना पहिलींत आपण जें सांगतों, कीं ह-ला इकार दिला कीं हि, तेंच यंत्रालाहि आतां सांगावें लागतें.

कोष्टक झालें तरी तें घरोघर पोंचावयास वेळ लागला. विंडोज 2000 मध्यें देवनागरी अंगभूत आली, आणि तिच्याबरोबर मंगल नांवाचा टंक आला. त्याचें रेखाटन आपले सुलेखनकार व कवि र. कृ. जोशी ह्यांचें. मंगल छपाईला फार देखणा आहे असें कोणी म्हणत नाहीं. पण अगणित घरांत पडद्यावर मराठीचें पहिलें खरें अक्षर त्यानें उमटविलें. त्या दिवसापासून साधा मराठी मजकूर ही वस्तु सामान्य माणसाच्या हातीं आली. त्यापूर्वीं ती जवळजवळ नव्हतीच.

जुना सांठा मात्र अजून पुष्कळ आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वींचीं मासिकें, संस्थांचे अहवाल, कोणाचीं आत्मचरित्रें, कोणाच्या वडिलांच्या कविता अशाच टंकांत, जुन्या तबकड्यांवर पडून आहेत. आपल्या घरीं तशी फाईल असेल तर तिच्यावर हीं तीन बटणें आधीं चालवूं नयेत. मूळ फाईल जशीच्या तशी एका बाजूला ठेवावी. तिच्यांतील टंकाचें नांव पडद्यावर दिसतें, तें एका चिठ्ठीवर लिहून तबकडीच्या पाकिटांत घालावें. मग त्या टंकासाठीं बनविलेल्या परिवर्तकांतून तिची युनिकोड प्रत काढावी, आणि मुळाशीं ओळीनें ताडून पहावी. जोडाक्षरें आणि रफार ह्यांवर विशेष नजर ठेवावी, कारण परिवर्तक तेथेंच अडखळतात. तेवढें झालें, म्हणजे ती प्रत खुशाल साधी करून हवी तेथें चिकटवावी.